उसने धुके आणि भयाचा अधिकार

१

भयानक रस नऊ रसांच्या यादीत पाठ करायचा आणि त्या रसाची प्रत्यक्ष कृती समोर आली की तिला रंजनवाङ्मय ठरवून दाराबाहेर उभे करायचे, ही आपल्या समीक्षेची जुनी रीत आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आयुष्यभर भयकथा लिहीत राहिले, रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा प्रयत्न केला. परंतु या दोघांना सांभाळले ते गावोगावच्या वाचनालयांनी. विद्यापीठीय अभ्यासाने त्यांची दखल घेतली ती बहुधा साहित्यप्रकारांच्या यादीतील एखाद्या ओळीपुरती. या उपेक्षेचे नुकसान धारप-मतकरींचे फारसे झाले नाही, समीक्षेचे झाले. चांगल्या भयकृतीचे चांगलेपण कशात असते हे कधी नीट न तपासल्यामुळे, वाईट भयकृती समोर आली असता ती का वाईट आहे हे सांगण्याची भाषाच आपल्यापाशी उरलेली नाही.

१३ जानेवारी २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या 'व्हिक्टोरिया : एक रहस्य' या मराठी चित्रपटाच्या निमित्ताने ही उणीव ठळकपणे जाणवली. जीत अशोक आणि विराजस कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सोनाली कुलकर्णी, पुष्कर जोग आणि आशय कुलकर्णी यांच्या प्रमुख भूमिका आहेत. स्कॉटलंडमधील 'व्हिक्टोरिया' नावाच्या हॉटेलात आलेले एक मराठी जोडपे आणि तेथे त्यांना येणारे अनाकलनीय अनुभव, असे त्याचे कथासूत्र. परक्या देशात, परक्या छपराखाली सापडलेला पर्यटक हा पाश्चात्त्य भयपटाचा एक रुळलेला रूपबंध आहे. तो मराठीत आणण्याचा प्रयत्न म्हणून या चित्रपटाचे कुतूहल वाटणे स्वाभाविक होते. ते कुतूहल चित्रपट संपण्यापूर्वीच मावळते. अभिनयात किंवा तांत्रिक सफाईत ढोबळ दोष आहेत म्हणून हे घडत नाही. तरीही चित्रपट घाबरवत नाही. तो वेळोवेळी दचकवतो, एवढेच. दचकणे आणि घाबरणे यांत नेमका फरक कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा चित्रपटांविषयी आपल्याकडे दोन ठराविक भूमिका घेतल्या जातात. पहिली कौतुकाची : मराठी चित्रपट सातासमुद्रापार गेला, त्याची चित्रचौकट श्रीमंत झाली, 'निर्मितीमूल्ये' उंचावली. दुसरी नाराजीची : हे भूत आपल्या मातीतले नाही, हे सारे उसने आहे, सबब त्याज्य आहे. वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्या एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. भयाचा प्रश्न हा स्थळाचा आणि मूळ गावाचा प्रश्न आहे, असे दोघींनाही वाटते. एकीला परदेशचे धुके दिसले की आनंद होतो, दुसरीला राग येतो. त्या धुक्यात उभ्या असलेल्या माणसाकडे कोणाचे काय देणे आहे, हे मात्र दोघीही विचारत नाहीत.

२

उसनेपणाचा मुद्दा प्रथम निकाली काढला पाहिजे, कारण वर्गात आणि परिसंवादात तोच सर्वांत आधी पुढे येतो. देशीयतेची चर्चा मराठीत ज्यांनी उभी केली ते भालचंद्र नेमाडे याच जळगाव जिल्ह्यातील, यावल तालुक्यातील सांगवीचे. त्यांच्या मांडणीशी कितीही वाद घातला तरी तिच्यामागे एक गंभीर सांस्कृतिक प्रश्न होता. पुढे मात्र त्या मांडणीचे आम्ही प्राध्यापकांनी जकात नाक्यात रूपांतर केले. आलेला माल कोठला, एवढे विचारून पावती फाडायची. माल कसा आहे हे पाहायचेच नाही.

हा नाका लावला तर मराठी भयवाङ्मयातील बरेच काही अडकून पडेल. धारपांची 'आजी' ही कथा आणि स्टीफन किंगची 'ग्रामा' ही कथा यांचे नाते वाचकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटाची मूळ कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मधून आलेली आहे, हे कोणीही सांगेल. तरीही तात्या विंचू हे नाव आज तीस वर्षांनंतर खानदेशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. हे केवळ दिलीप प्रभावळकर किंवा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यामुळे घडलेले नाही. अमेरिकन चित्रपटातली बाहुली दुकानात विकत मिळणारी वस्तू होती. मराठी चित्रपटाने तिला बोलक्या बाहुल्यांच्या खेळात आणून ठेवले. तो खेळ पाध्ये कुटुंबाने मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा केला होता, आणि तात्या विंचूच्या बाहुलीमागे रामदास पाध्ये यांचेच कसब होते. बाहुलीला आपला आवाज देऊन पोट भरणाऱ्या माणसावर बाहुलीनेच हक्क सांगावा, हे भय मूळ चित्रपटात नव्हते. उसनवारी तेथे नवे नाते निर्माण करून गेली.

आणखी जवळचे उदाहरण मालेगावचे. 'मालेगाव के शोले' (२०००) आणि त्यानंतरचे तेथले चित्रपट यांच्याइतके उघडपणे उसने चित्रपट दुसरे नसतील. अनुकरण हेच त्यांचे घोषित साधन. तरीही फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पाहणाऱ्याला कळते, की यंत्रमागाच्या गावात उतरलेला सुपरमॅन उडण्यासाठी धडपडतो तेव्हा ती धडपड त्या गावाची असते. म्हणजे अनुकरण हा गुन्हा नव्हे. जे उसने घेतले ते घेणाऱ्याच्या आयुष्यातील कोणत्या देण्याघेण्यात गुंतले, हा खरा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजातून उद्भवणारा, अपराधातून उद्भवणारा आणि वित्रासितक. व्याज म्हणजे बतावणी. वित्रासितक म्हणजे घाबरवले गेल्याने उपजणारे भय. भरताने विभावांच्या यादीत ओसाड घर, अरण्य, घुबड-कोल्ह्यांचे आवाज यांचा उल्लेख केला आहे, आणि त्याच ओघात गुरू व राजा यांच्यासंबंधी घडलेल्या अपराधाचाही. या भेदांचा आजच्या कृतींसाठी उपयोग करताना त्यांच्या मूळ अर्थावर थोडा ताण पडतो हे मान्य करूनही, एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ओसाड घर आणि अपराध ही दोन्ही भयाची कारणे आहेत हे भरताला माहीत होते, आणि ती दोन्ही एकच नाहीत हेही माहीत होते.

आपल्या भयपटांचा सारा भर ओसाड घरावर आहे. परिभाषेत सांगायचे तर त्यात उद्दीपन विभावांची रेलचेल आहे : लांबलचक मोकळे मार्ग, मिणमिणते दिवे, काचेवरचे बाष्प, पार्श्वसंगीतातला अचानक आघात. आलंबन मात्र पोकळ आहे. ज्याच्या ठिकाणी भय उपजायचे त्या माणसाचा आणि ज्याच्यामुळे उपजायचे त्या शक्तीचा परस्परांशी काही संबंध आहे, असे जाणवतच नाही. 'व्हिक्टोरिया'त गुपित आहे आणि त्याची उकलही आहे; शीर्षकच तसे वचन देते. परंतु गुपित म्हणजे अपराध नव्हे, आणि उकल म्हणजे ऋणमुक्ती नव्हे. याची एक सोपी कसोटी घेता येईल. हे हॉटेल स्कॉटलंडमधून उचलून महाबळेश्वरात किंवा तोरणमाळला ठेवले तर कथेत काय बिघडते? थंडीचे कपडे बदलावे लागतील. ज्या कृतीत स्थळ बदलल्याने केवळ वेशभूषा बदलते, त्या कृतीतील स्थळ हे दृश्य असते. ते अनुभवाचा भाग झालेले नसते.

पाश्चात्त्य भयपटाकडून आपण उसने घेतो असे म्हणतो, पण तेथले नेमके काय घेतो? हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मध्ये आडरस्त्यावरच्या मोटेलात उतरणारी स्त्री चाळीस हजार डॉलर चोरून निघालेली आहे. तिच्यावर गुदरणारा प्रसंग त्या चोरीची शिक्षा नाही. किंबहुना ती परत फिरायचे ठरवते आणि मगच तो घडतो. परंतु त्या खोलीत आपण शिरतो ते तिच्या अपराधासह शिरतो, म्हणून पडद्यामागची सावली आपल्यावरही पडते. किंगच्या कादंबरीवरील कुब्रिकच्या 'द शायनिंग' (१९८०) मध्ये भलेमोठे हॉटेल आहे, पण त्यातले भय सुरू होते ते पर्यटक निघून गेल्यावर. हॉटेल ज्याला गिळते तो पाहुणा नाही, हिवाळ्यापुरता नेमलेला रखवालदार आहे. दारूच्या नशेत स्वतःच्या मुलाला इजा केलेला बाप आहे. जॉन लँडिसच्या 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) मध्ये तर दोन अमेरिकन तरुण पर्यटकच यॉर्कशायरच्या माळावर सापडतात. त्यातला एक मरतो, आणि मेल्यावर जिवंत मित्राकडे पुन्हापुन्हा येतो. कारण मित्र जगेल तोवर त्याची सुटका नाही. मेलेल्याचे जिवंतावर मागणे आहे. ईलाय रॉथचा 'हॉस्टेल' (२००५) अभिरुचीच्या दृष्टीने कितीही ओंगळ असो, त्याच्या मुळाशी एक नेमका विचार आहे : स्लोव्हाकियात पैशाने देह विकत घेता येतो या समजुतीने गेलेले तरुण स्वतःच विक्रीला निघतात, आणि त्या बाजारात अमेरिकन देहाचा भाव सर्वांत चढा असतो. गिऱ्हाईकाचा माल होतो. हा अपराध आहे, आणि तो तरुणांच्या खिशातील चलनात दडलेला आहे.

आपण या साऱ्यांतून धुके घेतले, हॉटेल घेतले, दरवाजाचा आवाज घेतला. अपराध मात्र तेथेच ठेवून आलो. म्हणजे तक्रार करायचीच तर ती अनुकरण अपुरे झाले अशी करावी लागेल.

४

असे का व्हावे? याचे उत्तर पर्यटक या सामाजिक भूमिकेत आहे. मराठीत परगावी जाणाऱ्याला कितीतरी शब्द आहेत : वाटसरू, यात्रेकरू, पाहुणा, उतारू. यांतल्या प्रत्येकाचे ज्या गावी तो जातो त्या गावाशी काही नाते आहे. यात्रेकरूचा नवस असतो, पाहुण्याचे आतिथ्य असते, वाटसरूला पाणी पाजणाऱ्याचे उपकार असतात. पर्यटकाचे नाते पावतीपुरते. त्याने पैसे आगाऊ भरलेले असतात. त्या स्थळाचा त्याच्यावर काही हक्क राहू नये, हीच तर सहलीची अट असते.

फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात ज्या अस्वस्थ करणाऱ्या परकेपणाची मीमांसा केली, त्या जर्मन शब्दाच्या पोटात घर आहे. ओळखीचे घरच अनोळखी होते, दडपलेले परत येते, तेव्हा ते भय उपजते. पर्यटकाला त्या स्थळी घर नाही. त्यामुळे तेथले काहीही त्याच्या दृष्टीने अनोळखी होऊ शकत नाही. ते मुळातच अनोळखी असते, आणि त्याच अनोळखीपणाचे त्याने पैसे मोजलेले असतात.

येथे चित्रपटाची आणि पर्यटकाची भूमिका एक होते. ब्रिटनमध्ये चित्रीकरण करणाऱ्या चित्रपटांना मिळणारी करसवलत हे गेल्या काही वर्षांत अनेक भारतीय चित्रपट तिकडे वळण्याचे एक ज्ञात कारण आहे. त्यात गैर काही नाही. कलेला पैसा लागतो. परंतु स्थळ प्रथम ठरते आणि त्या स्थळाशी पात्राचे नाते नंतर शोधले जाते, किंवा शोधलेच जात नाही, तेव्हा कॅमेराच सहलीला निघतो. तो दऱ्या पाहतो, जुन्या भिंती पाहतो आणि पुढच्या मुक्कामाला जातो. सहलीला आलेल्या कॅमेऱ्याला त्या भिंतीआड कोण मेले हे विचारण्याची सवड नसते.

आणि विचारले असते तर? मराठी माणसाचे आणि स्कॉटलंडचे काही देणेघेणे नाही, असे ज्याला वाटते त्याने आपल्या इतिहासाची पाने पुन्हा उलटावीत. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता. त्याच्यामागून त्या पदावर आलेला जॉन मालकम स्कॉटिश होता. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्याचे नाव आहे तो जॉन विल्सनही स्कॉटिश मिशनरी. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम ॲबर्डीनमध्ये शिकला होता; त्या पलटणीचे ठाणे आपल्या धरणगावला होते. एका मराठी जोडप्याने स्कॉटलंडमध्ये 'व्हिक्टोरिया' नावाच्या वास्तूत पाऊल ठेवावे, आणि ज्या नावाने आपल्या राजधानीतले सर्वांत मोठे रेल्वेस्थानक शंभराहून अधिक वर्षे ओळखले गेले त्या नावाने संहितेत यत्किंचितही कंप उठू नये, यासारखे भयावह त्या चित्रपटात दुसरे काही नाही.

चित्रपटाने इतिहासाचा तास घ्यावा असे येथे सुचवायचे नाही. 'सायको'ही चोरीवर प्रवचन देत नाही. मागणी एवढीच की त्या उंबरठ्यावर काहीतरी देणे असावे.

देणी आपल्याकडेही पडून आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपने तापीकाठच्या थाळनेरचा किल्ला घेतला, किल्लेदार तुळशीराम मामा याला फासावर चढवले आणि आतल्या अरब शिबंदीची कत्तल केली. होळकरांनी तहाने सोडलेला किल्ला झुंजला म्हणून ही शिक्षा. तिच्यावर पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही आक्षेप घेतले गेले. शिरपूर तालुक्यातल्या त्या पडक्या बुरुजांवर आज शेळ्या चरतात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील चित्रावर १८१९ मध्ये शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथने आपले नाव कोरले. खऱ्या अर्थाने तो या परिसरातला आद्य पर्यटक, आणि त्याचा अपराध भिंतीवर सहीनिशी शिल्लक आहे. त्याच्यानंतर १८४४ पासून रॉबर्ट गिल त्या चित्रांच्या प्रतिकृती करीत राहिला. त्यातल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची सोबतीण पारो हिची कबर अजिंठा गावात आहे, त्याची भुसावळला. अजिंठा पाहायला येणारा परदेशी प्रवासी आजही जळगाव स्थानकावर उतरतो आणि भुसावळच्या त्या कबरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावरून निघून जातो. परक्या मुलखात सापडलेल्या माणसाची याहून अस्सल भयकथा कोणती? येथे आलेला परका पर्यटक राहिला नाही. तो गुंतला, आणि गुंतला म्हणूनच त्याचे काही जळून गेले.

५

मराठी लोकसमजुतीतली भुते पाहिली तर हे देण्याचे तत्त्व अगदी स्पष्ट होते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी मेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. धनावर जीव अडकला तो समंध. ही नावे म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या सामाजिक व्यवहारांची खतावणी आहे. कोणाला काय मिळायला हवे होते आणि मिळाले नाही, याची ती नोंद आहे. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणजे घाटावर जमलेले नातेवाईक काय करतात? मृताचे काय राहिले याचा अंदाज घेतात, एकेक वचन देतात : धाकटीचे लग्न करू, विहिरीचा वाटा देऊ. वचन बरोबर लागले की कावळा शिवतो. त्या घाटावरची अस्वस्थ शांतता ज्याने अनुभवली आहे त्याला भय म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तेथे धुके नसते. भर सकाळचे ऊन असते. तेथे मृताला मागण्याचा अधिकार असतो, आणि तो प्रत्येकाला मान्य असतो.

संकटात सापडलेला प्रवासी हा रूपबंधही मराठीला नवा नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' नेमका हाच आहे. वरसईचा एक भिक्षुक घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या धुमाळीत झाशीच्या वेढ्यात अडकतो. त्यातले भय आजही अंगावर येते, कारण गोडसे पाहायला गेलेले नव्हते. ते देणे घेऊन निघाले होते. घरी वाट पाहणारी माणसे आणि डोक्यावरचे कर्ज यांच्यामुळे त्यांच्या जिवाला मोल आहे. जगण्याचे कारण असल्याशिवाय मरणाचे भय संभवत नाही, हे साधे सत्य गोडसेभटजींना ज्ञात होते. आजच्या पटकथाकाराला ते सांगावे लागते.

अलीकडच्या चित्रपटांतही दाखले आहेत. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) मध्ये शहरातले जोडपे परक्या घरात, उसाच्या फडात येऊन राहते. बाह्य रचना पर्यटकाच्या भयपटासारखीच आहे. परंतु ती स्त्री गरोदर आहे आणि त्या फडाच्या पोटात मारलेल्या मुलींचा हिशेब आहे, म्हणून तेथल्या मुलांच्या हसण्याला तिच्यावर हक्क सांगता येतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) भाषेने हिंदी, पण त्याचा वाडा मराठी आहे. धारपांच्या कथेपासून निघालेल्या त्या कृतीत लोभ बापाकडून मुलाकडे वतनासारखा जातो. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, गाभा धारपांकडून, तंत्र जगभरातून. इतकी उसनवारी असूनही तो चित्रपट उसना वाटत नाही. उलट, मातीतले भूत घेतले म्हणून कृती आपोआप मातीतली होते असेही नाही. मुंजा किंवा हडळ हे नुसते नाव, त्याच्यामागची खतावणी फाडून टाकली, की तेही परदेशी धुक्याइतकेच पोकळ होते.

६

एवढ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. दोन घटकांच्या करमणुकीवर अपराधाचे आणि ऋणाचे ओझे कशासाठी? प्रेक्षक दचकला, हसला, घरी गेला. यात बिघडले काय?

धुळे-जळगावात बसून लिहिणाऱ्याला हा आक्षेप तितक्या सहजपणे झटकता येत नाही, आणि मान्यही करता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक. ती त्यांची परंपरागत वाट होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारण्यात आले. परक्या मुलखात सापडलेल्या प्रवाशांची ही कथा कोणाच्याही कल्पनेतून आलेली नाही.

त्या वर्षी देशभर हिंडलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या एका जाहिरातीतून कापलेली होती. मूळ जाहिरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी सावध करणारी होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडले जात होते. तेवढा शेवट कापला आणि उरलेले भय मोकळे सोडून दिले. प्रतिमा परदेशी, संदर्भ तोडलेला, कारण नाहीसे केलेले, फक्त दचका शिल्लक. तंत्र म्हणून पाहिले तर आपल्या अनुकरणशील भयपटाचे आणि या चित्रफितीचे तंत्र एकच आहे. एका चित्रपटामुळे कोणी कोणाला मारते, असा बालिश आरोप येथे करायचा नाही. म्हणायचे आहे ते हे : कारणापासून तोडलेले भय रिकामे राहत नाही. ज्या भयाला आपला अपराध दाखवता येत नाही ते दुसऱ्याचा अपराध शोधू लागते, आणि समोर जो परका दिसेल त्याच्या अंगाला चिकटते.

सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवल्या गेलेल्या बायांना हे केव्हापासून माहीत आहे. घरात मूल दगावले, गुरे मेली, की भयाला नाव हवे असते. ते एखाद्या एकट्या बाईला मिळते, आणि अनेकदा तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाची तरी नजर असते. २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याने शिक्षा करता येते. भय वाचायला मात्र शिकवता येत नाही. ते काम वाङ्मयाचे आणि समीक्षेचे आहे. आमच्या वर्गांत त्या पाड्यांवरून आलेली मुलेमुली बसतात. भयानक रसाचा स्थायीभाव कोणता, या प्रश्नाला ती दोन गुणांचे उत्तर लिहितात. त्यांच्या शेजारच्या घरात त्या स्थायीभावाने काय केले, हे विचारण्याची सोय आमच्या प्रश्नपत्रिकेत नाही.

चांगली भयकृती नेमके हे वाचन शिकवते. ती प्रेक्षकाला परक्याकडे बोट दाखवू देत नाही. भूत दारात उभे राहते आणि त्याचे बोट घरातल्या माणसाकडे वळते. 'लपाछपी'तला फड, 'तुंबाड'मधला वाडा, घाटावरचा कावळा आपल्याला विचारतात : तुझ्याकडे काय राहिले आहे? असा प्रश्न विचारलेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर धावून जाण्यापूर्वी क्षणभर तरी थांबतो. भयानक रसाला काही सामाजिक प्रयोजन असेल तर ते या क्षणभराच्या थांबण्यात आहे.

म्हणून 'व्हिक्टोरिया'सारख्या चित्रपटाविषयी असमाधान व्यक्त करताना तो परदेशी आहे किंवा उसना आहे असे म्हणून भागणार नाही. मराठी चित्रपटाने स्कॉटलंडला अवश्य जावे. हवे तर आणखी दूर जावे. जाताना मात्र गोडसेभटजींसारखे काही देणे बरोबर घेऊन जावे. आणि मराठी समीक्षेने भयपटाला विचारावयाचा पहिला प्रश्न भूत कोठून आणले हा नसावा. ते कोणाकडे, काय मागायला आले आहे, हा असावा. ज्या भुताला काहीच मागायचे नाही, त्याच्यासाठी दिवे मंद करण्याचे कारण नाही.